मांजराने गजऱ्याचा दोरा गिळला. आतड्याचं ऑपरेशन झालंय, पुढचे दिवस कसे काढायचे?

निशिगंध | मंगळवार, रात्री ११:१०

मंडळी, एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते. आज वेगळंच घेऊन आलेय. दोन रात्री झोप नाही, तेव्हा लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या.

आमची चिंगी. तीन वर्षांची, सव्वातीन किलो. साताऱ्यात गोडोलीला राहतो आम्ही, तिथल्याच गच्चीवर पिल्लू असताना सापडलेली. गेल्या बुधवारी घरी हळदीकुंकू झालं. आईने रात्री गजरा काढून आरशापुढे ठेवला. सकाळी बघितलं तर मोगरा फरशीभर. मी केर काढला, फुलं भरली आणि विसरून गेले. दोरा कुठे गेला हे घरातल्या चार माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

गुरुवारी रात्री पहिली उलटी. शुक्रवारी पाण्याचीही उलटी. पलंगाखाली कोपऱ्यात जाऊन बसली. जवळच्या एका दवाखान्यात नेलं, पोट बिघडलंय म्हणून उलटीचं इंजेक्शन आणि सलाईन झालं. शनिवारी पुन्हा तेच. रविवारी सकाळी मान टाकली तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांकडे पळालो. त्यांनी आधी काय केलं असेल तर तोंड उघडून हनुवटीखालून अंगठ्याने जीभ वर उचलली. जिभेच्या मुळाला पांढरा दोरा अडकलेला, मांसात रुतलेला. मला तिथेच भोवळ आली.

एक्स-रेत दोरा दिसत नाही म्हणे, पण आतडी एका बाजूला गोळा झालेली दिसली. डॉक्टर म्हणाले, लेंग्याची नाडी ओढली की नेफ्याला चुण्या पडतात ना, तसं झालंय. दुपारी ऑपरेशन झालं. जठर एकदा उघडलं, आतड्याला एक छेद, आणि एका जागी आतडं कापलं जायला लागलं होतं म्हणून साधारण पाच सेंटिमीटर काढून टोकं जोडली. इथे रात्री ठेवायची सोय नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळ सलाईनला नेतोय.

डॉक्टर एवढंच म्हणाले, "पाच दिवस जाऊ द्या, मग बोलू." आणि मी करू नये ते केलं, रात्रभर मोबाईलवर वाचत बसले. एके ठिकाणी दोरा गिळलेली मांजरं ६३ टक्के जगतात असं वाचलं. म्हणजे शंभरातली सदतीस जातात? कुणाला अनुभव आहे का? चांगला, वाईट, कसाही सांगा.

पोवईनाका | मंगळवार, रात्री ११:३२

अरे देवा. चिंगीला लवकर बरं वाटो. आमच्या बोक्याला ऑपरेशननंतर गळ्यात ते प्लास्टिकचं नरसाळं घातलेलं, दुसऱ्या दिवशी दया येऊन काढलं आणि त्याने तासाभरात दोन टाके चाटून उसवले. दया दाखवू नका. बाकी माहीतगार येतीलच.

सुगरण_वाई | बुधवार, सकाळी ६:५०

गजऱ्याचा दोरा! आमच्याकडे तीन मांजरं आणि देवघरात रोज हार. वाचून सगळे दोरे कात्रीने बारीक करून टाकले. निशिगंध, तिला खायला काय देताय? चिकनचं पाणी चालेल का? पण त्यात कांदा-लसूण घालू नका, मांजराला दोन्ही वाईट.

ढोरांचा_डॉक्टर | बुधवार, सकाळी ७:४०

ताई, मी सांगली जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो. नावाप्रमाणे बहुतेक गाई-म्हशी, पण कुत्री-मांजरंही येतात. तुमच्या डॉक्टरांचं काम मी पाहिलेलं नाही, त्यामुळे चिंगीबद्दल भविष्य सांगणार नाही. सर्वसाधारण सांगतो.

आधी तो आकडा. ६३ टक्के खोटा नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातला आहे. काहीतरी गिळून पोट अडलेल्या कुत्र्या-मांजरांच्या २०८ केसेस होत्या. त्यातच बाकीचे आकडेही आहेत, ते बहुधा तुमच्या नजरेतून सुटले. चेंडू, कोय, दगड अशी सुटी वस्तू गिळलेली मांजरं सगळीच्या सगळी वाचली. कुत्री सुट्या वस्तूत ९४ टक्के आणि दोरा-कापडासारख्या लांब वस्तूत ८० टक्के. या २०८ मध्ये कुत्रीच जास्त, दोरा गिळलेली मांजरं थोडीच होती. थोड्या जनावरांच्या टक्केवारीत दोन-चार मांजरांनी आकडा पार हलतो. शिवाय अशा अभ्यासांत, आता पुढे नको म्हणून मालकाने झोपवलेलं जनावरही बहुतेक वेळा मेलेल्यांतच धरतात. त्यामुळे सदतीस हा चिंगीचा आकडा नव्हे.

त्या अभ्यासातली खरी कामाची गोष्ट वेगळी आहे. मरण कशाने वाढलं? त्रास सुरू झाल्यापासून जितके दिवस गेले त्याने, दोरा असल्याने, आणि आतड्यावर एकापेक्षा जास्त ठिकाणी काम करावं लागलं त्याने. आतडं पूर्ण अडलंय की अर्धवट, वस्तू वर अडकलीय की खाली, यांनी फारसा फरक पडला नाही. लोक मात्र आम्हाला नेमकं तेच विचारतात.

दोरा का वाईट, तर त्याचं एक टोक अडकतं. मांजरात बहुतेक जिभेखाली, कुत्र्यात जठराच्या आतड्याकडच्या तोंडाशी. आतडं बिचारं आपलं काम करत राहतं, पुढे ढकलत राहतं. दोरा हलत नाही, म्हणून आतडंच दोऱ्यावर चढत जातं. जुन्या विहिरीच्या काठावर दोराने दगडाला खाचा पडलेल्या बघितल्या असतील, तसा हा दोरा आतड्याची आतली बाजू कापतो, नेमकी जिथून रक्तवाहिन्या शिरतात ती. भोक तिथे पडलं तर चटकन दिसतही नाही. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी पाच सेंटिमीटर काढलं, ते धाडस नव्हे, शहाणपण.

आता पाच दिवसांचं. आतड्याला चार थर असतात. टाका धरून ठेवतो तो आतून दुसरा, सबम्युकोसा. साडीला फॉल लावणाऱ्या बाईला विचारा, वरच्या झिरमिरीत कापडात टाका धरत नाही. पहिले तीन-चार दिवस त्या जोडाची सगळी ताकद दोऱ्याची. शरीर आधी जुनं कोलॅजन, म्हणजे कडा घट्ट ठेवणारं प्रथिन, खातं, नवं विणायला नंतर घेतं, त्यामुळे मधल्या दिवसांत कडा उलट मऊ पडतात. गळती झाली तर बहुतेक तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, ती याच कारणाने. डॉक्टरांनी "पाच दिवस" म्हटलं ते उगाच टोलवायला नाही.

तुमच्यासाठी एक बरी बातमी. आतडं कापून जोडलेल्या ११५ जनावरांचा २००३ चा एक अभ्यास आहे. ९० कुत्र्यांत १३ जणांचा जोड गळला. २५ मांजरांत एकाचाही नाही. पंचवीस हा आकडाही लहानच, तेव्हा पेढे लगेच वाटू नका. पण मांजराचं आतडं टाके बरे धरतं असा आम्हा लोकांचा अनुभव आहे.

सुगरणताई, चिकनचं पाणी चालेल, कांदा-लसणाचं बरोबर बोललात. पण नुसतं पाणी पुरत नाही, चिकन मिक्सरमधून काढून दर तीन-चार तासांनी चमचाभर द्यायचं. "आतडं शिवलंय, उपाशी ठेवा" हा जुना समज. उलटी थांबलेली असेल तर बारा ते चोवीस तासांत थोडं थोडं खाणं सुरू करतात, त्याने जोड लवकर भरतो. मांजर तर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त उपाशी राहिलं की यकृतात चरबी साचायला लागते आणि आतडं बरं होऊन मांजर त्यानेच जातं.

निशिगंध | बुधवार, सकाळी ८:१५

डॉक्टर, काय बोलू? विहिरीच्या काठाचं वाचून डोळ्यांसमोर आलं सगळं. आईला वाचून दाखवलं. ती रविवारपासून स्वतःलाच दोष देत बसलीय.

सकाळी दोन चमचे खाल्लं तिने. उलटी नाही.

हिशेबी | बुधवार, सकाळी १०:०५

राग मानू नका, पण मांजराच्या ऑपरेशनला खर्च किती आला हे लिहिलं तर बाकीच्यांना उपयोग होईल. आणि एक भाबडा प्रश्न, एवढ्या पैशात दहा मांजरं आयुष्यभर पोसली जातील ना?

निशिगंध | बुधवार, सकाळी १०:४०

रक्त, एक्स-रे, ऑपरेशन, औषधं धरून आत्तापर्यंत सव्वीस हजार. दहा मांजरं पोसली तर त्यातलंही एखादं गजरा खाईलच की.

पोवईनाका | बुधवार, सकाळी १०:४२

+१

कृष्णाकाठ | बुधवार, दुपारी २:२०

ताई, तुम्ही वाईट अनुभवही सांगा म्हणालात म्हणून लिहितोय. आज नाही वाचलात तरी चालेल, चिंगी बरी झाली की वाचा.

मी सांगलीचा. आमचा शेरू, लॅब्रॅडोर, सहा वर्षांचा. ऑगस्ट २०१९. महापूर आठवत असेल सगळ्यांना. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, धोक्याची पातळी ४५. आमचा तळमजला बुडालेला, आम्ही वर सात माणसं आणि शेरू. खाली उतरायची सोय नाही. कुणीतरी होडीतून उकडलेली कणसं आणून दिली. पोरांनी खाल्ली, उरलेलं कणीस शेरूने उचललं. आम्ही बघितलं, हसलोसुद्धा.

दुसऱ्या दिवसापासून उलट्या. फोनवर एका डॉक्टरांशी बोललो, ते म्हणाले लगेच आणा. कसं आणणार? होडीत माणसांनाच जागा नव्हती. पाणी उतरून रस्ता मोकळा होईपर्यंत पाच दिवस गेले. ऑपरेशन झालं, कणसाचा तुकडा लहान आतड्यात घट्ट बसलेला, आजूबाजूचं आतडं काळं पडलेलं. वीतभर काढलं.

दोन दिवस छान होता. शेपूट हलवली, भात-अंडं खाल्लं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खायचं थांबला. आम्हाला वाटलं टाके दुखत असतील. रात्री एक उलटी झाली, पोट टणक लागत होतं, उठून बसला तर पाठ कमानीसारखी वाकलेली. आम्ही म्हटलं सकाळी नेऊ. सकाळी हिरड्या विटकरी लाल आणि पाय गार. जोड गळला होता. पुन्हा उघडलं, धुतलं, पण त्या रात्रीच गेला.

डॉक्टरांना मी दोष देत नाही. पुराला द्यायचा तर तो कृष्णेलाच द्यावा लागेल. एक रात्र मात्र आमची होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नेलं असतं तर वाचला असता का, कोण जाणे. पण ती रात्र अजून माझ्या अंगावर आहे.

ढोरांचा_डॉक्टर | बुधवार, दुपारी ३:३०

कृष्णाकाठ, तुम्ही लिहिलंत हे फार मोलाचं. त्या पुरात मीही गोठ्यांतली दावी कापत फिरत होतो.

तुमच्या शेरूकडे धोक्याच्या दोन गोष्टी आधीपासून असाव्यात. वर सांगितलेल्या २००३ च्या अभ्यासात जोड गळण्याची तीन कारणं पुढे आली होती: ऑपरेशनआधीच पोटात पू-संसर्ग असणं, रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन २.५ किंवा त्याखाली असणं, आणि कुत्र्यात गिळलेली वस्तू हेच ऑपरेशनचं कारण असणं. यातली दोन एकत्र आली की जोड गळण्याचा धोका फार वाढतो. पाच दिवस उपाशी, उलट्या करणाऱ्या कुत्र्याचं अल्ब्युमिन काय राहणार? टाका कितीही सुबक घाला, कापडच विरलेलं असेल तर कुठे धरणार? आणि गळल्यावर पोटात विष्ठा पसरली की निम्म्याहून जास्त जनावरं वाचत नाहीत, दुसऱ्यांदा उघडूनसुद्धा.

त्या रात्रीचं ओझं थोडं कमी करा, एवढंच म्हणेन.

बेदाणा | बुधवार, संध्याकाळी ६:००

आमी तासगावचं. आमच्याकडं कुत्र्यानं काय गिळलं की एरंडेल पाजत्यात, नायतर केळी चारत्यात, सरकून जातंय म्हंत्यात. आज्जी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची. ह्यात काय तत्थ्य हाय का नुसतंच?

ढोरांचा_डॉक्टर | बुधवार, संध्याकाळी ६:४५

बेदाणा भाऊ, नुसतंच नाही, घातक. अडलेल्या आतड्याला एरंडेल म्हणजे पुढे भिंत असताना मागून बैल हाकणं. दोरा असेल तर आतडं आणखी जोरात कापलं जातं. मिठाच्या पाण्याने रक्तातलं सोडियम चढून कुत्रं झटके येऊन मेलेलं मी पाहिलंय. उलटी काढायची असते कधीकधी, पण ती डॉक्टरने, इंजेक्शन देऊन, वस्तू जठरात असतानाच, आणि टोकदार नसेल तरच.

दोऱ्याचं टोक तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसलं तर ओढू नका. हे मोठ्या अक्षरांत लिहा सगळ्यांनी. ओढलं की आतली चुण्यांची माळ एकदम आवळते.

माणसांच्या गोळ्याही नकोत. पॅरासिटामॉलच्या एका गोळीने मांजर मरतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या जठराला व्रण पाडतात, आणि डायक्लोफिनॅक तर गिधाडांपायी २००६ पासून जनावरांसाठी बंदच आहे.

अवांतर: तुमच्या टोपणनावावरून आठवलं. बेदाणे आणि द्राक्षं कुत्र्याला अजिबात घालू नका, मूत्रपिंडं निकामी होतात. तासगावात हे सांगणं म्हणजे कोल्हापुरात जाऊन गूळ वाईट म्हणण्यासारखं आहे, पण खरं आहे.

बेदाणा | बुधवार, संध्याकाळी ७:१०

आरं तिच्या. आमचा मोत्या शेडवर बेदाण्याच्या ढिगाशेजारीच झोपतुया. आजपासनं बांधतो.

कराडकर | बुधवार, रात्री ९:२५

दोरा-कणसाचा विषय आहे, पण पोटाच्या ऑपरेशनांत एक चांगला शेवट झालेलाही सांगतो. आमचा राजा, जर्मन शेफर्ड, आठ वर्षांचा. रात्री जेवून अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि तासाभरात ओकाऱ्या काढायला लागला. काढतोय काढतोय, पण बाहेर काहीच येईना, नुसती लाळ. पोट ढोलासारखं, टिचकी मारली की आवाज. माझा मेव्हणा कंपाउंडर आहे, म्हणाला दाजी, हे गॅस नव्हे, गाडी काढा. कोल्हापूरला पोचलो तेव्हा एक वाजला होता. जठर फुगून स्वतःभोवती पिळा घेऊन बसलेलं. आधी नळी घालून हवा काढली, मग पोट उघडून पीळ सोडवला आणि जठर बरगडीजवळच्या भिंतीला शिवून टाकलं. दुसऱ्या दिवशी हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडत होते, त्याची औषधं चालली. त्यानंतर साडेतीन वर्षं जगला.

ढोरांचा_डॉक्टर | बुधवार, रात्री १०:००

कराडकरांच्या मेव्हण्याला माझा नमस्कार. छाती खोल असलेल्या मोठ्या कुत्र्यांत हा पीळ पडतो: ग्रेट डेन, शेफर्ड वगैरे. इथे दिवस मोजत नाहीत, तास मोजतात. जठराची भिंत मेलेली नसेल तर बहुतेक वाचतात, काळी पडली असेल तर शक्यता पुष्कळ घटते. ठोक्यांचा बिघाड पहिल्या दोन-तीन दिवसांत हमखास बघावा लागतो. आणि जठर भिंतीला शिवायला विसरू नका. नुसता पीळ सोडवून बंद केलेल्या निम्म्याहून जास्त कुत्र्यांना पुन्हा पीळ पडतो. शिवलेल्यांत क्वचित.

निशिगंध | बुधवार, रात्री ११:५०

कुणी जागं आहे का? आज तिसरा दिवस. संध्याकाळी खाल्लं नाही. मघाशी ताप बघितला, १०३.९. पुन्हा पलंगाखाली गेलीय. पोट दाबू देत नाहीये. कृष्णाकाठ दादांचं वाचलं आणि हात थरथरायला लागले.

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री ११:५३

ताई, सकाळची वाट बघू नका. डॉक्टरांना फोन लावा. आत्ता.

ढोरांचा_डॉक्टर | बुधवार, रात्री ११:५८

जागा आहे. मांजराचा ताप १०२.५ पर्यंत ठीक. १०३.९ म्हणजे गळालंच असं नाही, पण घरी बसून ठरवायचं हे नव्हे. डॉक्टरांना उठवा. तीन गोष्टी विचारा: सोनोग्राफी करून पोटात पाणी आहे का, असेल तर सुईने थेंबभर काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघता येईल का, आणि त्या पाण्यातली साखर व रक्तातली साखर दोन्ही मोजता येतील का. पाण्यातली साखर रक्तापेक्षा वीस मिलिग्रॅमहून जास्त कमी असेल तर आत जंतू साखर खातायत असं समजायचं. शुगर बघायचं साधं यंत्र पुरतं त्याला. ऑपरेशननंतर थोडं पाणी असतंच, नुसतं पाणी दिसलं म्हणून घाबरू नका. पेशींच्या पोटात जंतू दिसतायत का ते महत्त्वाचं.

त्यांच्याकडे सोय नसेल तर आपल्या जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, नाहीतर सरळ पुणं. पण खंबाटकी चढण्याआधी फोन करून रात्री कोण आहे ते विचारून निघा.

निशिगंध | बुधवार, मध्यरात्री १२:०६

डॉक्टर उठलेत. निघतोय. आई पण येतेय.

पोवईनाका | गुरुवार, सकाळी ६:१५

काही कळलं का?

सुगरण_वाई | गुरुवार, सकाळी ६:४०

मीही उठल्याउठल्या धागाच उघडला.

कृष्णाकाठ | गुरुवार, सकाळी ७:०५

मी झोपलोच नाही.

निशिगंध | गुरुवार, सकाळी ९:३०

मंडळी, माफ करा, फोनची बॅटरी संपलेली.

पोटात पाणी होतं, अगदी थोडं. सुईने काढलं. डॉक्टरांनी स्वतःच काचेवर घेऊन बघितलं: पांढऱ्या पेशी आहेत पण जंतू नाहीत. रक्तातली साखर ११८, पाण्यातली ११०. मग ते चिंगीला उलटसुलट करून तपासायला लागले आणि पुढचा उजवा पाय हातात घेतला तशी ती ओरडली. सलाईनचा व्हिगो (शिरेत बसवलेली नळी) होता तिथे पाय सुजून गरम झालेला! रविवारपासून तोच व्हिगो. पट्टीच्या आत कुणी बघितलंच नव्हतं, मीही नाही. तो काढला, दुसऱ्या पायाला नवीन लावला, अँटिबायोटिक बदललं, दुखण्याचं औषध वाढवलं. पोट दाबू देत नव्हती ते टाक्यांमुळे.

सकाळी ताप १०२.८. डॉक्टर म्हणाले अजून दोन दिवस आहेत, पण रात्री आणलंत ते बरं केलंत. परत येताना आई गाडीत म्हणाली, ते सांगलीचे गृहस्थ कोण, त्यांना माझा आशीर्वाद सांग.

कृष्णाकाठ | गुरुवार, सकाळी ९:४१

पोचला. 🙏

ढोरांचा_डॉक्टर | गुरुवार, सकाळी १०:१०

शाब्बास तुमच्या डॉक्टरांची, मध्यरात्री सुई घालून बघणारे कमी असतात. व्हिगोचं बघा, आम्ही डॉक्टर मंडळी पोटाकडे बघत बसतो आणि ताप पायात निघतो. आता खाण्याकडे लक्ष. उद्यापर्यंत स्वतःहून खाल्लं नाही तर मानेतून अन्ननलिकेत नळी घालायची का ते विचारा. ऐकायला भयंकर वाटतं, मांजराला फार त्रास होत नाही.

माहुलीची_माहेरवाशीण | गुरुवार, दुपारी १२:३०

मधेच विचारते. संगमाहुलीत एक भटकं पिल्लू आहे, तीन महिन्यांचं. पार्व्होतून (कुत्र्यांचा तो उलट्या-जुलाबांचा विषाणू) वाचलं, पण दोन दिवसांपासून पुन्हा उलट्या आणि शी करताना कुंथतंय, रक्ताची शेंब पडतेय. आधी पार्व्हो होता म्हणून तोच उलटलाय असं समजायचं का?

ढोरांचा_डॉक्टर | गुरुवार, दुपारी १:००

समजू नका. पार्व्होनंतर किंवा जंतांमुळे पिल्लांचं आतडं आतड्यात शिरतं, दुर्बिणीच्या नळ्या एकात एक सरकाव्यात तसं. हाताला पोटात सॉसेजसारखी गाठ लागते. आजच दाखवा. लवकर उघडलं तर कधी हलकेच बाहेर काढता येतं, उशीर झाला की तेवढा भाग कापावा लागतो. पुन्हा शिरण्याची शक्यता थोडी राहतेच.

हिशेबी | गुरुवार, दुपारी १:२०

माहुलीताई, पिल्लाचा खर्च किती येईल ते कळवा. पाचशे माझे. कालच्यावरून टोमणे मारू नका.

निशिगंध | शुक्रवार, रात्री ८:५५

पाचवा दिवस. लिहायला लाज वाटतेय, पण तुम्हीच ऐकून घ्याल. आज चिंगीने शी केली. घरात चार माणसं त्या वाळूच्या ट्रेभोवती उभी राहून बघत होतो. बाबांनी फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

ताप नाही. कालपासून स्वतःहून खातेय, आज तर माझ्या ताटातल्या भाकरीवर पंजा मारला. डॉक्टर म्हणाले जोड गळायचा मोठा धोका टळला असं म्हणायला हरकत नाही, पुढचं लक्ष वजनाकडे. पाच दिवसांत सव्वातीनची दोन किलो नऊशे झालीय.

आणि दोरा. डॉक्टरांनी बाटलीत घालून दिला. मोजला, एकोणपन्नास सेंटिमीटर. गजऱ्याचा तर पाऊण हात असतो. बाकीचा कुठला म्हणून आईने सगळं घर शोधलं, तेव्हा शिवणाच्या डब्यातलं पांढरं रीळ अर्धं उलगडलेलं सापडलं. नशीब सुई नव्हती त्याला.

माहुलीची_माहेरवाशीण | शनिवार, सकाळी ११:००

पिल्लाचं ऑपरेशन काल संध्याकाळी झालं. आतडं हाताने सुटलं, कापावं लागलं नाही. हिशेबी, तुमचे पाचशे पोचले.

निशिगंध | पुढचा शुक्रवार, संध्याकाळी ७:३०

धागा वर काढतेय. बारावा दिवस, आज टाके काढले. तीन किलो शंभर. डॉक्टर टाके काढत होते तेव्हा नरसाळ्याची बांधायची फीत टेबलाखाली लोंबत होती. चिंगीने तीच धरली आणि चावायला लागली. डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि फीत कापून खिशात टाकली.